गेरूची जागा: अंगणात की घरात

आमच्या घरी गेरू आली ती २०२२ च्या डिसेंबरात. सहकारनगरमध्ये तळजाई टेकडीकडे चढत जाणाऱ्या आमच्या गल्लीत, बरेच दिवस जागची न हललेल्या एका गाडीखाली एक कुत्री व्याली होती. तिच्या तीन पिल्लांपैकी दोन थंडीत गेली, कुत्रीही एके दिवशी दिसेनाशी झाली, आणि उरलेले पिल्लू माझ्या मुलीने शाळेच्या स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणले. अंगाचा रंग कुंडीला लावतात त्या गेरूसारखा, म्हणून नाव गेरू. पशुवैद्यांनी दात पाहून तिचे वय दीड ते दोन महिन्यांचे असावे असे सांगितले. तिला ठेवून घ्यायचे याबद्दल घरात कोणाचाच विरोध नव्हता. ठेवायचे कुठे, अंगणात की घरात, यावर मात्र चार माणसांची जवळजवळ चार मते होती, आणि त्यांचा उलगडा व्हायला एक वर्ष लागले. त्या वर्षात सर्वांत अधिक बदलले ते माझे मत. ओळखीच्या घरांतून हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो आणि उभ्या उभ्या दिलेले उत्तर मला नेहमी अपुरे वाटते, म्हणून तो सर्व प्रवास क्रमाने लिहून ठेवत आहे.

माझे बालपण जुन्नर तालुक्यातल्या एका मळ्यात गेले. मळ्यात कुत्रा असणे ही बैल असण्याइतकीच साहजिक गोष्ट होती, आणि बैलाला जशी गोठ्यात जागा, तशी कुत्र्याला अंगणात. त्याचे काम राखणीचे. रात्री तो खळ्याच्या कडेला किंवा गोठ्याच्या दाराशी झोपे, सकाळी त्याला भाकरीचा तुकडा आणि ताकाचा द्रोण मिळे, आणि पावसात तो स्वतःहून गवताच्या गंजीच्या आडोशाला जाई. यात त्याची आबाळ होते असे आमच्यापैकी कोणालाही वाटले नाही. घरात हिंडणारे कुत्रे मी प्रथम पाहिले ते पुण्यात शिकायला आल्यावर, प्रभात रस्त्यावरच्या एका परिचितांकडे, आणि मला त्या कुत्र्याचीच दया आली. मोकळ्या हवेचा प्राणी गालिच्यावर कोंडला आहे, असे माझे तेव्हाचे प्रामाणिक मत होते. गेरू आली तेव्हाही ते तसेच होते.

पत्नीचे म्हणणे असे की पिल्लू घरात आणले आहे तर ते घरातलेच झाले. मुलीला तर ते स्वतःच्या पांघरुणात हवे होते. आईचे म्हणणे सर्वांत स्पष्ट होते. ती रोज सोवळ्यात पूजा करते, नैवेद्याचा स्वयंपाक तिच्याच हातचा असतो, आणि कुत्रा स्वयंपाकघरात किंवा देवघराजवळ आलेला तिला चालत नाही. "दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात हे मलाही ठाऊक आहे," ती म्हणाली, "पण ती पायाशी असतात. तेवढे अंतर पाळा, मग माझे काही म्हणणे नाही." या वाक्याकडे मी त्या वेळी पुरेसे लक्ष दिले नाही. ती माझ्याच बाजूची आहे असे मी धरून चाललो.

सुताराकडून जाड प्लायवूडचे एक घर करून घेतले, वर पत्र्याचे छप्पर ठोकले आणि पश्चिमेच्या कंपाउंडच्या भिंतीलगत ते ठेवले. आत गोणपाट आणि जुनी गोधडी घातली. पहिल्याच रात्री गेरू दोन वाजेपर्यंत रडली. पुण्यात त्या दिवसांत पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही उतरतो. एवढ्या लहान पिल्लाला अशा थंडीत अंगाची ऊब एकट्याने टिकवणे जड जाते, भावंडांच्या अंगाला अंग लावून ती सहज टिकते. तिसऱ्या दिवशी लसीसाठी दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला पूर्णपणे नवी होती. पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा जगाशी ओळख होण्याचा असतो. या काळात माणसांचे आवाज, कुकरची शिटी, झाडू, पाहुणे, लहान मुले हे सारे ज्याच्या अंगवळणी पडते, ते कुत्रे पुढे निर्धास्त राहते. हा काळ ज्याने कोपऱ्यात एकट्याने काढला, त्याला पुढे प्रत्येक नवी गोष्ट संकट वाटते. "पुढे कुठे ठेवायचे ते नंतर ठरवा," ते म्हणाले, "पण आत्ताचे दोन महिने तिला माणसांतच ठेवा."

म्हणून गेरू चार महिन्यांची होईपर्यंत रात्री मोरीशेजारच्या पॅसेजमध्ये झोपू लागली. मी ही सवलत तात्पुरती मानत होतो. या दोन महिन्यांत तिला शी-शूची शिस्तही लागली. पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्याहून एखादा तास अधिक ते दम धरू शकते, असा ढोबळ हिशोब डॉक्टरांनी दिला होता; त्याप्रमाणे आम्ही झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर तिला न चुकता अंगणात नेत असू. चुकून घरात झालेच तर नाक घासणे, ओरडणे असले काही केले नाही; त्यातून पिल्लू एवढेच शिकते की माणसांसमोर शू करायची नाही, आणि मग ते सोफ्यामागे जाते.

मार्चच्या अखेरीस मी ठरल्याप्रमाणे तिची रवानगी बाहेर केली. एप्रिल सुरू झाला आणि आठवड्याभरात माझ्या लक्षात आले की ती त्या लाकडी घरात जातच नाही. कर्दळीच्या वाफ्यात तिने पुढच्या पायांनी हातभर खड्डा उकरला होता आणि ओलसर मातीला पोट टेकून ती दुपारभर तिथे पडून असे. पत्नीला वाफा उद्ध्वस्त झाल्याचे वाईट वाटले, मला तिला शिस्त नसल्याचे. शेवटी मुलीने शाळेच्या प्रयोगासाठी आणलेला थर्मामीटर त्या लाकडी घरात टांगला. दुपारी तीन वाजता आंब्याच्या सावलीत ३८ अंश होते आणि पत्र्याखालच्या त्या घरात ४४. पश्चिमेची भिंत दुपारभर तापत होती आणि रात्री नऊपर्यंत ती धग परत टाकत होती. जागा मीच निवडली होती, छप्परही मीच सुचवले होते. सात-आठ तास ज्या पेटीत आपण स्वतः पाच मिनिटे बसू शकणार नाही, ती एका मुक्या जिवाला देऊन आपण त्याची सोय केल्याचे समाधान मानत होतो, हे त्या आकड्याने मला दाखवले आणि मला ते फार लागले.

कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा येतो, पण शरीर गार करण्याचे मुख्य साधन म्हणजे धापा टाकणे, जीभ आणि श्वासमार्गावरच्या ओलाव्याचे बाष्प करून उष्णता बाहेर टाकणे. भोवतालची हवाच शरीराइतकी तापली की हे साधन तोकडे पडते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या दरम्यान असते. ते ४१ च्या वर गेले की उष्माघाताचा धोका असतो आणि आतल्या अवयवांना इजा होऊ लागते. पगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांना तर ही वेळ फार लवकर येते. गेरू देशी जातीची, लांब नाकाची आणि आखूड केसांची, म्हणून तिचे निभावले. त्या दिवसापासून सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच ती घरात राहू लागली. आमच्या जुन्या बंगल्याला शहाबादी फरशी आहे. तिच्यावर चारही पाय पसरून ती पडून राही. ही दुसरी सवलत. ती उन्हाळ्यापुरती, असे मी घरात जाहीर केले.

पावसाळ्यात प्रश्न वेगळा झाला. लाकडी घर मी आता व्हरांड्याच्या कडेला, चार विटांवर उचलून ठेवले होते, त्यामुळे पाणी आत शिरत नव्हते. पण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गेरू खाईना. दोन दिवस नुसती पडून राहिली. तिसऱ्या दिवशी तिचा ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढुरक्या होत्या आणि पोटाच्या उघड्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट फार उतरलेल्या निघाल्या. गोचिडाच्या चाव्यातून शरीरात जाणाऱ्या एर्लिकिया नावाच्या जिवाणूचा तो ताप होता. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सलग २८ दिवस द्याव्या लागल्या. पहिले चार दिवस ती जगेल की नाही याची खात्री नव्हती, आणि त्या चार रात्री ती पॅसेजमध्ये माझ्या सतरंजीशेजारी होती.

तिच्या अंगावर गोचिडी आम्हाला फारशा दिसल्या नव्हत्या, म्हणून मी चक्रावलो होतो. डॉक्टरांनी विचारले, "तिच्या घराच्या फटी पाहिल्यात का?" घरी येऊन मी लाकडी घर उलटे केले. प्लायवूडच्या सांध्यांत, छपराच्या पट्टीखाली, वरच्या कोपऱ्यांत शेकडो गोचिडी होत्या. काही फुगलेल्या, काही मोहरीच्या दाण्याहून लहान. कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड जन्मभर कुत्र्याच्या अंगावर राहत नाही. अंड्यातून निघालेली सहा पायांची अळी रक्त पिऊन खाली पडते, कात टाकते, पुन्हा अंगावर चढते, पुन्हा पडते, आणि शेवटी पूर्ण वाढलेली मादी एखाद्या उंच फटीत शिरून हजारोंनी अंडी घालते. म्हणजे आजाराचे खरे घर कुत्र्याच्या अंगाबाहेर, भिंतीत आणि लाकडात असते. आम्ही गेरूला औषध लावत होतो आणि रात्री पुन्हा तिच्याच शत्रूंच्या वस्तीत झोपायला पाठवत होतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गोचिडी बाहेरच असतात आणि घरात घेतले की कुत्रे सुरक्षित होते, असा याचा अर्थ नाही. ही गोचीड घरातल्या दरवाजाच्या चौकटीत, पडद्याच्या मागे, पलंगाच्या सांध्यांतही तितक्याच सुखाने राहते, आणि बेसावध माणसाने गोचिडी असलेले कुत्रे सरळ आत घेतले तर तो ती वस्ती घरात नेतो. आईने हा मुद्दा सर्वांत आधी काढला आणि तो पूर्णपणे रास्त होता. ते लाकडी घर आम्ही रिकाम्या जागेत नेऊन जाळले. व्हरांड्याच्या भिंतीच्या भेगा सिमेंटने लिंपल्या. गेरूला गोचिडीची चघळायची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीने नियमित सुरू केली, आणि रोज रात्री कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवून पाहण्याचा नेम ठेवला. गोळीची तारीख आजही दिनदर्शिकेवर एकादशी-चतुर्थीच्या शेजारी लिहिलेली असते. सप्टेंबरपर्यंत ती पूर्ण बरी झाली आणि आम्ही तिची नसबंदी करून घेतली.

बरी झालेली, अंगात रग आलेली गेरू रात्री अंगणात भुंकू लागली. गेटबाहेरून जाणारी गल्लीतली कुत्री, कंपाउंडवरून पळणारे मुंगूस, पहाटेचा दूधवाला, या सर्वांवर ती भुंके. शेजारच्या घरी आजारी माणूस होते. त्यांनी अतिशय सभ्यपणे सांगितले, आणि त्यांची तक्रार योग्य होती. मी तिला गेटपासून लांब, मागच्या बाजूला साखळीने बांधायला सुरुवात केली. आठवड्याभर बांधली. त्या आठवड्याबद्दल लिहिणे मला जड जाते, पण तोच या सर्व प्रवासातला निर्णायक भाग असल्यामुळे टाळणे बरोबर होणार नाही.

२००१ साली मी पुण्यात शिकत होतो आणि सुटीला मळ्यात गेलो होतो. त्या दोन-तीन वर्षांत जुन्नरच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आणि हल्ले फार वाढले होते. कुकडी प्रकल्पातल्या धरणांचे पाणी आल्यापासून ऊस दारापर्यंत आला होता, आणि उसात बिबट्याला लपायला जागा आणि बाहेर खायला कुत्री, शेळ्या मिळत होत्या. आमचा मोत्या शेजाऱ्यांच्या कोंबड्यांच्या मागे लागतो म्हणून त्या रात्री त्याला खुंट्याला बांधले होते. बांधले होते मी. सकाळी खुंट्याला साखळी होती आणि मोकळा पट्टा. मोकळा असता तर तो वाचलाच असता असे मी म्हणत नाही. पण पळायला, घराच्या दाराशी यायला त्याला निदान संधी मिळाली असती. ही आठवण मी बावीस वर्षे कोणाशी बोललो नव्हतो. मागच्या अंगणात साखळीच्या टोकाशी गोल गोल फिरून गेरूने जमिनीवर उमटवलेले वर्तुळ पाहिले, तेव्हा ती आठवण मला टाळता आली नाही.

पुण्यातले एक स्मरणही त्याला जोडले गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा आमच्यापासून उताराला असलेल्या अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी या भागांत काही मिनिटांत पाणी घरांत शिरले. माणसे गेली, जनावरेही गेली. आम्ही चढावर असल्याने वाचलो. दुसऱ्या दिवशी मदतीला खाली गेलो होतो तेव्हा एका अंगणात दाव्यासह गाळात रुतलेले जनावर मी पाहिले होते. बांधलेल्या जिवाचा जीव पूर्णपणे बांधणाऱ्याच्या हाती असतो, हे मी दोनदा पाहिलेले होते आणि तरीही तिसऱ्यांदा साखळी हातात घेतली होती. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे अकरावे कलम मी त्याच आठवड्यात वाचले. अवाजवी आखूड अथवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, या दोन्ही गोष्टी त्यात क्रूरतेत मोडतात. कायद्याच्या भीतीने मी साखळी सोडली असे नाही, परंतु माझ्या वागण्याला कायद्यात एक नाव आहे हे वाचून मला शरम वाटली. साखळी त्या दिवशी काढली ती पुन्हा लावली नाही.

मोकळी गेरू रात्री अंगणातच होती, आणि त्यातून दिवाळी आली. १२ नोव्हेंबर २०२३, लक्ष्मीपूजनाचा दिवस. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. शिवाय जे आवाज आपण सहज सोडून देतो तेही त्याला ऐकू येतात. गणपतीच्या मिरवणुकीतले ढोल तिने व्हरांड्यात अंग चोरून सहन केले होते, म्हणून फटाक्यांतही ती तशीच बसेल असे मला वाटले. पूजेला बसलो असताना गल्लीत मोठी माळ लागली. बाहेर आलो तेव्हा अंगण रिकामे होते. पाच फुटांची भिंत तिने कशी ओलांडली हे आजही मला समजत नाही. रात्री अडीचपर्यंत आम्ही तिघे पद्मावतीपासून तळजाईच्या वनविभागाच्या कुंपणापर्यंत फिरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी एका रखवालदाराचा फोन आला. पट्ट्याला अडकवलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर माझा क्रमांक कोरलेला होता. महापालिकेचा परवाना काढताना मुलीच्या हट्टाने तो करून घेतला होता. ती एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगामागे, मागचा पाय खरचटलेल्या अवस्थेत, थरथरत बसली होती.

त्या रात्री तिला आत घेताना कोणीही काही बोलले नाही. पण मला घाबरून घेतलेला निर्णय नको होता. म्हणून मी एक शंभर पानी वही घेतली आणि पंधरा दिवस अंगणाचे आणि पुढचे दार दोन्ही उघडे ठेवून, घरी जो असेल त्याने दर तासाला गेरू कुठे आहे ते लिहायचे असे ठरवले. सकाळी सहा ते आठ ती अंगणात कोवळ्या उन्हात असे. नंतर पत्नी पुढच्या खोलीत शिकवणीची तयारी करत बसली की टेबलाखाली. चार वाजता आई व्हरांड्यात मेथी निवडायला बसली की गेरू अंगणात, तिच्यापासून दोन हातांवर. संध्याकाळी मुलगी अभ्यासाला बसली की तिच्या खोलीच्या दारात. एका रविवारी पाहुणे आले आणि आम्ही सर्व रात्री दहापर्यंत अंगणात बसलो, तर आत जाण्यासाठी ती एकदाही उठली नाही. सातारच्या एका लग्नासाठी आम्ही दिवसभर बाहेर होतो तेव्हा शेजाऱ्यांनी नोंद ठेवली: संपूर्ण अंगण मोकळे असून ती सकाळपासून बंद दाराच्या फटीशी नाक लावून पडली होती. दाराच्या खालच्या फळीचा रंग तिथे कधीच गेलेला होता. एवढे दिवस मी तो पावसाने गेला असे समजत होतो.

ही वही वाचताना मला माझा मळा वेगळा दिसू लागला. मोत्या बाहेर असे हे खरे, पण आम्हीही बाहेरच होतो. वडील उन्हाळाभर खळ्यात बाजेवर झोपत. आई न्हाणीच्या चुलीशी, आजी उंबऱ्यात, आम्ही मुले अंगणात, आणि दिवसभर सर्वांबरोबर मोत्या शेतात. त्याला घर नव्हते असे म्हणण्यापेक्षा घराचाच मोठा भाग अंगणात होता. सहकारनगरच्या बंगल्यात आम्ही जाळीच्या दारामागे, पंख्याखाली आत राहतो, आणि अंगण ही फक्त येण्याजाण्याची जागा आहे. तिथे कुत्रे ठेवणे म्हणजे त्याला एकटे ठेवणे. मळ्यातली रीत मी इथे आणली होती, पण जी माणसे त्या रीतीत असत ती आणली नव्हती.

याच कारणाने मी आज सरसकट सर्वांना कुत्रे घरातच ठेवा असेही सांगत नाही. माझ्या एका मित्राचा लॅब्रॅडोर वाकडला बाराव्या मजल्यावर राहतो. पाऊस नाही, ऊन नाही, गोचीड नाही. परंतु पती-पत्नी सकाळी नऊला निघून रात्री आठला परततात, आणि त्या कुत्र्याने चाटून चाटून पुढच्या पायावरचे केस घालवले आहेत. त्याच्यासाठी त्या मित्राने दुपारी फिरवून आणणारा माणूस ठेवला तेव्हा फरक पडला. माझ्या मते आधी मोजायचे ते तास: चोवीस तासांपैकी किती तास ते माणसांच्या दृष्टीत असते. मग ऊन, पाऊस, गोचीड, आवाज, आणि मग जागा.

डिसेंबरात आम्ही चौघांनी बसून व्यवस्था ठरवली. रात्री गेरू पॅसेजमध्ये, जिथून दोन्ही झोपायच्या खोल्यांची दारे दिसतात. सकाळ आणि संध्याकाळ अंगणात, पण कोणी ना कोणी व्हरांड्यात असताना. दिवसातून दोनदा पट्टा लावून फेरी. टेकडीवर मोर आहेत म्हणून तिथे तिला मोकळे सोडायचे नाही. दर वर्षी रेबीजची लस, ठरल्या मुदतीने जंताचे औषध, आणि पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस. बाहेरून आली की पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करूनच आत.

आईच्या अटीसाठी स्वयंपाकघराच्या दारात गावाकडे असते तशी वीतभर उंचीची फळी बसवली. गेरू ती सहज ओलांडू शकते. तीन आठवडे आम्ही फळीपाशी तिला बसवत राहिलो, आणि बसली की चुरमुरे देत राहिलो. आता ती तिथेच थांबते. देवघर त्या खोलीच्या आत आहे. आईने आपला नेम बदललेला नाही. पूजेच्या वेळी गेरू जवळ आलेली तिला आजही चालत नाही, आणि आम्ही तो तिचा अधिकार मानतो. मात्र जेवणापूर्वी कुत्र्यासाठी घास काढून ठेवण्याची जी रीत तिने मळ्यात पाळली तीच ती इथेही पाळते, आणि दुपारी फळीच्या अलीकडून भाकरीचा तुकडा स्वतःच्या हाताने टाकते. दत्ताच्या पायाशी असते तेवढे अंतर, असे जे ती पहिल्या दिवशी म्हणाली होती, त्यात आत-बाहेरचा प्रश्नच नव्हता हे मला एक वर्षाने कळले.

राखणीचे काय, असे गावाकडचे नातेवाईक विचारतात. गेल्या मार्चमध्ये रात्री तीनला आमच्या मागच्या कंपाउंडवर कोणीतरी चढले होते. गेरू पॅसेजमधून भुंकली आणि आम्ही जागे झालो, दिवा लावला, ते पळाले. पूर्वी ती अंगणात सर्वांवरच भुंके आणि आम्ही कूस बदलून झोपत असू. आत आल्यापासून ती रात्री क्वचितच भुंकते, म्हणून भुंकली की आम्ही उठतो. शेजारच्यांची झोपही आता मोडत नाही.

आता आमच्यापुढे हाच प्रश्न पुन्हा आला आहे. बंगल्याच्या पुनर्विकासाचे बोलणे पक्के होत आले असून बांधकाम पूर्ण होईपर्यंत आम्हाला तिसऱ्या किंवा चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या सदनिकेत राहावे लागेल. पाळीव कुत्र्यावर गृहसंस्थेला बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, त्यामुळे जागा मिळण्याची चिंता कमी आहे. चिंता अंगणाची आहे. म्हणून सध्या आठवड्यातले दोन दिवस आम्ही अंगणाचे दार दिवसभर बंद ठेवतो आणि गेरूला सकाळी सहा, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा या वेळांना पट्टा लावूनच बाहेर नेतो. सकाळच्या उन्हासाठी ती दाराशी जाऊन उभी राहते, तेव्हा मुलगी तिला पूर्वेच्या खिडकीखाली घेऊन बसते. दुपारी एकची वेळ पाळणे आम्हाला अजून जमलेले नाही. त्यासाठी गल्लीतल्या एका महाविद्यालयीन मुलाशी बोलणे चालू आहे, आणि पुढच्या सोमवारपासून तो येणार आहे.